उणे चार

दांडिया बाजारात, चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत
संध्याकाळी सहा ते साडेसात माझी शिकवणी.
चटईवर नऊ पोरं, एक पंखा,
आणि शाळेनं मोडीत काढलेला फळा, मधोमध उभा चिरलेला.
चीर 'बरोबर'च्या कामी येते :
डावी बाजू इकडे, उजवी तिकडे.

शाळेत त्यांचे सर म्हणतात, धारो के.
मी म्हणतो, समजा.
इथेच अर्धी पोरं अडतात.
"काहीच समजलं नाही सर, तर आधीच कसं समजू?"
तीस वर्षं झाली, याचं उत्तर माझ्यापाशी नाही.
बरं, धरा, म्हणतो मी.
मुठीत काहीतरी धरलंय, काय ते ठाऊक नाही,
मूठ उघडायची नाही. तिचं नाव क्ष.

चुका सगळ्या ओळखीच्या.
पलीकडे नेलेला सात तसाच अधिक राहतो.
अरे, उमरगाम ओलांडलं की स्टेशनच्या पाटीची लिपी बदलते,
चीर ओलांडली तर चिन्ह नको बदलायला?
(खरं तर कोणी कुठे जात नाही,
दोन्हीकडून सात वजा होतात, बस्स.
पण ते सांगायला बसलो की साडेसात वाजतात.)
कंस सोडताना पहिल्यालाच गुणतात,
पंगतीत एकालाच वाढून वाढपी निघून जावा तसं.
आणि २अब? ते तर कायमच हरवलेलं.
दोघांना एका कंसात घालून वर्ग केलात,
मधे काही घडणारच की रे.

तेजल शिर्के, नववी, पुस्तकातली संपवून बसली होती.
म्हटलं, घरची वयं सांग.
"पप्पा चव्वेचाळीस. मी चौदा."
मग मांड : किती वर्षांनी पप्पा तुझ्या चौपट होतील?
तोंडाला आलं ते विचारलं,
मनात करून पाहिलं नव्हतं.

४४ + क्ष = ४(१४ + क्ष)

चार दोघांनाही वाढला तिनं. क्ष एकीकडे, आकडे एकीकडे.
मग खोडलं. परत मांडलं.
तिसऱ्यांदा खोडताना कागद फाटला.
"सर, उणे चार येतंय. कुठेतरी चुकतंय."

मी वही घेऊन ओळी उतरत गेलो.
छप्पन्न. उणे बारा. तीन क्ष.
चूक नव्हती. म्हणजे होती, पण माझ्या प्रश्नात :
मी पुढचं विचारलं होतं,
गणितानं मुकाट्यानं मागे बोट दाखवलं.

"चार वर्षांपूर्वी," ती म्हणाली. "चाळीस आणि दहा."
पेन्सिलीचं टोक ओठावर.
"तेव्हा पप्पा दहेजला नव्हते गेले.
रविवारी सुरसागरच्या कठड्यावर सेव-उसळ खायचो.
पाच पाव यायचे. चार त्यांचे, एक माझा."
मिहीर म्हणाला, आणि तर्री?
"वेगळ्या वाटीत," तिनं सांगितलं,
जणू तेही उदाहरणात दिलेलं होतं.

फाटक्या जागेला वळसा घालून पडताळा लिहिला :
डावी बाजू चाळीस. उजवी बाजू चाळीस.
खाली पट्टीनं रेघ.

मग न विचारता तिप्पट काढलं तिनं. क्ष बरोबर एक.
"पुढच्याच वर्षी! शनिवारी आले की सांगते."
दुपटीला सोळा.
तिथे जरा थांबली, स्वतःचे तीस बघत.

"आणि सर, बरोबरीचं?"

मला दिसत होतं काय होणार ते :
क्ष दोन्हीकडून उडणार,
आणि चिरेच्या दोन बाजूंना
चव्वेचाळीस आणि चौदा एकमेकांकडे बघत उभे.
खाली दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं होतं.
ते घरून करून आण, म्हटलं.